वह्या पूर्ण करून ये, मगच वर्गात बस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं की आमच्याकडे दरवर्षी एक बैठक होते. पटावर मुलं किती आणि वर्गात बसलेली किती, यातल्या तफावतीवर तासभर बोलणं होतं. यंदाही झालं. कारणं ठरलेलीच निघाली : मोबाईल, पालकांचं दुर्लक्ष आणि 'आठवीपर्यंत कुणाला नापासच करत नाहीत, म्हणून पोरं निर्ढावली'. मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि बरीच वर्षं नववीची वर्गशिक्षिका आहे. या तिन्ही कारणांबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे. बैठकीत ते दोन मिनिटांत मांडता येत नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण मधला वह्यांचा भाग कृपया ठेवा.

आमच्या हजेरीपटात न आलेल्या प्रत्येक मुलापुढे एकच खूण पडते. सुगीत घरच्यांनी शेतावर ठेवून घेतलेला, मामाच्या लग्नाला गेलेली, शाळेतल्या स्वच्छतागृहाची अवस्था आठवून पाळीच्या दिवसांत घरी थांबलेली, दप्तर घेऊन निघून एसटी स्टँडवर दिवस काढणारा, सगळ्यांना तीच खूण. यात आणखी एक मूल असतं. त्याचा गणवेश अंगावर असतो, दप्तर भरलेलं असतं, सायकल दारात काढलेली असते आणि ऐन वेळी पोटात ढवळतं, उलटी होते, पाय उचलत नाही. दांडी मारणारा घरच्यांना फसवतो. हा कुणाला फसवत नाही. दिवसभर आईच्या डोळ्यांसमोर असतो. बहुतेकदा हे मूल वर्गात दंगा करणारं नसतं, पहिल्या पाचातलंही नसतं आणि शेवटच्या पाचातलंही. त्यामुळे ते आलेलं नाही हे चार दिवस कुणाच्या ध्यानातही येत नाही. मला लिहायचंय ते या मुलाविषयी.

अशा घरांत काय होतं ते ऐकून ऐकून मला पाठ झालं आहे. रविवारी दुपारपर्यंत पोर चांगलं असतं. संध्याकाळी जेवण जात नाही. सोमवारी सकाळी पोट दुखतं, डोकं दुखतं, आणि शाळेची वेळ टळून गेली की अकराच्या सुमाराला ते आपोआप थांबतं. गावातले डॉक्टर औषध देतात, मग साताऱ्याला नेऊन सोनोग्राफी होते, रिपोर्ट नॉर्मल येतो. तो नॉर्मल येणं हीच मुलाच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट गोष्ट. कारण त्या दिवसापासून घरात त्याच्या दुखण्याला 'नाटकं' म्हणायला सुरुवात होते. आजी मीठ-मोहऱ्या उतरवते, वडील हात उगारतात, आई मधल्यामध्ये रडते. वास्तविक दुखणं खोटं नसतं. भीतीनं पोटात कळ येते, हे ज्यानं कधी इंटरव्ह्यू दिला असेल त्याला सांगायला नको.

मोबाईल यात येतो तो नंतर. मूल घरी बसलं, आईवडील कामावर गेले, आता ते दिवसभर करणार काय? तीन आठवड्यांनी आपण बघतो तेव्हा हातात मोबाईल असतो आणि आपण निष्कर्ष काढून मोकळे होतो. ख्रिस्तोफर कीर्नी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने शाळा टाळणाऱ्या मुलांवर अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांची मांडणी मला फार उपयोगी वाटते. मूल शाळेत का येत नाही यापेक्षा, न येण्यानं त्याला काय मिळतं ते पाहा, असं ते सांगतात. चार गोष्टी मिळू शकतात. शाळेतल्या कशानं तरी जीव घाबरा होतो, त्यातून सुटका. चारचौघांत उभं राहणं, उत्तर देणं, परीक्षा, यातून सुटका. घरच्या माणसाचं लक्ष आणि सोबत. आणि शाळेबाहेरची मजा. एकाच मुलात यातली दोन-तीन एकत्रही असतात. आमच्या बैठकीत चौथं सोडून बाकीच्या तिन्हींचा उल्लेखही होत नाही. पहिल्या दोनांनी घरी बसलेलं मूल हळूहळू चौथ्यासाठीही थांबू लागतं, हा भाग तर कुणीच बोलत नाही. पहिल्या आठवड्यात जे एका फोननं सुटलं असतं, त्याला दुसऱ्या महिन्यात ढकलाढकली लागते.

आता नववीच का, ते सांगते. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा, म्हणजे पहिली ते आठवीचा. त्यातल्या १६ व्या कलमानं मुलांना मागे ठेवणं बंद झालं, २०१९ च्या दुरुस्तीनं राज्यांना पाचवी आणि आठवीसाठी मोकळीक मिळाली आणि महाराष्ट्रानं २०२३ मध्ये या दोन्ही इयत्तांना वार्षिक परीक्षा आणली. मी न-नापास धोरणाच्या विरोधातली नाही. नापास करून कुणाला गणितातले अवयव पाडता आलेले मी पाहिलेले नाहीत. पण नववीत पाऊल ठेवलं की या कायद्याचा कठडा संपतो, आणि आम्ही शिक्षक पहिल्याच दिवशी ते मुलांना ऐकवतो : "ही नववी आहे, इथं ढकलगाडी नाही." दहावीचा निकाल चकचकीत राहावा म्हणून काही शाळा नववीतच मुलं गाळतात, हेही मुलांना ठाऊक असतं. मोठ्या भावंडांकडून कळतं.

त्यात माझा विषय. आठवीत बैजिक राशींचे अवयव येतात. नववीच्या गणित भाग १ मध्ये संच आणि वास्तव संख्या झाल्या की बहुपदी उभी राहते, ती थेट त्या अवयवांच्या जिवावर. विणताना एक टाका सुटला की पुढच्या चार ओळी दिसायला नीट दिसतात, पण वीण तिथंच उसवते, तसं होतं. ज्याला आठवीत अवयव कळले नाहीत, तो नववीत बहुपदीच्या सरावसंचापाशी थांबतो. पण तो असं म्हणत नाही की 'मला अवयव येत नाहीत'. तो म्हणतो, 'मला गणित येत नाही'. घटक चाचणीत वीसपैकी तीन मिळाले की म्हणतो, 'मला काहीच येत नाही'. आणि ते तीन गुण वर्गात नाव घेऊन मोठ्यानं वाचून दाखवले जातात. मग सोमवारी पोट दुखतं.

गुण कमी पडले म्हणून मूल शाळा टाळतं, शाळा टाळली म्हणून गुण आणखी कमी पडतात. पालकांना यातली दुसरीच अर्धी बाजू दिसते, म्हणून ते 'आधी शाळेत जा, मग बघू' म्हणतात. त्यांचं चुकत नाही, पण पहिली बाजू कुणीतरी धरायला हवी, आणि ते काम शाळेचं आहे. सगळीच मुलं गणिताच्या भीतीनं घरी बसतात असा माझा दावा मुळीच नाही. कुणाला बसमध्ये मोठी मुलं छळतात, कुणाच्या घरात आजारपण किंवा भांडण असतं आणि आईला एकटीला सोडून जायची भीती वाटते, कुणी खरोखर नैराश्यात असतं. छळ होत असेल तर तो थांबवल्याशिवाय मुलाला परत बसवणं हा निव्वळ क्रूरपणा आहे. पण माझ्या वर्गात मी पाहते त्यात 'मला जमणार नाही' हे वाक्य कुठं ना कुठं सापडतंच.

बी.एड.ला आम्हाला अल्बर्ट बांडुरा हे मानसशास्त्रज्ञ अभ्यासाला होते. परीक्षेपुरते पाठ केले आणि सोडून दिले, असंच बहुतेकांचं झालं. खरं तर स्टाफरूमच्या भिंतीवर लावावं असं त्यांचं म्हणणं आहे. 'हे मला जमेल' हा विश्वास कुठून येतो, याची १९७७ मध्ये त्यांनी मांडणी केली. सगळ्यात भक्कम विश्वास येतो तो स्वतः काहीतरी करून जमल्यामुळे. त्याखालोखाल, आपल्यासारख्याच कुणाला तरी जमलेलं पाहिल्यामुळे. नंतर कुणी धीर दिल्यामुळे. आणि चौथं, आपल्या शरीराच्या खुणांमधून : छाती धडधडली, तळहात घामेजले की मूल समजतं, झालं, हा घ्या पुरावा, मला येत नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीचेही हात घामेजतात, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

या चारांपैकी आपल्या शाळा कशावर पैसा आणि वेळ खर्च करतात? तिसऱ्यावर. डिसेंबरात एक वक्ते येतात, 'तुम्ही काहीही करू शकता' म्हणतात, मुलांना उभं करून टाळ्या वाजवायला लावतात, शाल-श्रीफळ घेऊन जातात. ज्या मुलाला ते ऐकायची गरज असते ते त्या दिवशी घरी असतं. दुसऱ्या मार्गाच्या नावाखाली आम्ही ९५ टक्केवालीचा सत्कार करतो. वीसपैकी तीनवाल्याला तिच्यात स्वतःचं काहीच दिसत नाही. त्याला दिसायला हवा मागच्या चाचणीत चार आणि या चाचणीत नऊ मिळवणारा, शेजारच्या बाकावरचा. त्याचा सत्कार कोण करतो?

मी वर्गात एक साधी गोष्ट करते. दहा उदाहरणांची छोटी चाचणी असली की सोडवण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात प्रत्येकानं लिहायचं, माझी किती बरोबर येतील. तपासून परत दिल्यावर शेजारी खरा आकडा लिहायचा आणि खाली एका ओळीत, फरक का पडला. आकडा कुणी मोठ्यानं वाचायचा नाही. दोन टोकं लगेच दिसतात. काही भरवशाची पोरं दहा लिहितात आणि सहा मिळवतात. त्यांना वहीत बघून कळलेलं आणि स्वतः करता आलेलं यातला फरक ठाऊक नसतो. आणि कुणीतरी शून्य लिहितं.

शून्य लिहिणाऱ्या एका मुलाला चार मिळाले होते. (ओळख पटू नये म्हणून या पत्रातले मुलांचे बारीकसारीक तपशील मी बदलले आहेत.) फरकाच्या ओळीत त्यानं लिहिलं, 'नशिबानं आले'. मधल्या सुट्टीत मी त्याला टेबलापाशी बोलावलं आणि तीच चार उदाहरणं, आकडे बदलून, पुन्हा करायला दिली. तीन आली. चौथ्यात वजाबाकीच्या चिन्हाची चूक होती, ती त्याची त्यालाच सापडली. "आता हेही नशीब का?" असं विचारल्यावर तो हसला नाही, खजील झाला नाही, त्यानं फक्त 'नशिबानं' शब्दावर काट मारली. पुढच्या वेळी कोपऱ्यात तीन लिहिलं. शून्यावरून तीनवर अंदाज येणं याला माझ्या लेखी पंधरा गुणांइतकी किंमत आहे, पण प्रगतिपुस्तकात त्याला रकाना नाही.

बॅरी झिमरमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं स्वतःच्या अभ्यासाचा लगाम स्वतःच्या हाती असणं म्हणजे काय, ते तीन टप्प्यांत सांगितलं आहे : काम सुरू करण्याआधीचा विचार, काम करताना स्वतःवर ठेवलेली नजर, आणि झाल्यावर मागे वळून पाहणं. आमच्याकडे पहिल्या टप्प्याच्या नावानं वेळापत्रक असतं. स्केचपेननं रंगवलेलं, पहाटे पाचला सुरू होणारं, भिंतीला चिकटवलेलं. तिसरा टप्पा तर नसतोच. पेपर हातात पडला की मूल गुण बघतं आणि पेपर दप्तरात कोंबतं; घरी सही घेतानाही फक्त गुण बघितले जातात. चूक कुठं झाली हे पाहायला बसावं, तर तेवढ्यात पुढचा धडा सुरू झालेला असतो. शाळेपासून लांब जाणाऱ्या मुलात या तिसऱ्या टप्प्याचंच वावडं असतं, कारण मागं वळून पाहिलं की लाजच दिसते अशी त्याची खात्री असते. ती एकट्यानं मोडत नाही. सुरुवातीला शेजारी कुणीतरी बसावं लागतं.

आता वह्या.

मूल दोन-तीन आठवडे आलेलं नाही. कुणीतरी समजावलं, ते हिय्या करून आलं. पहिल्या तासाला काय होतं? "काय पाहुणे, वाट चुकलात का?" वर्ग हसतो. दुसऱ्या तासाला : "वह्या पूर्ण आहेत का? नाहीत? पूर्ण करून ये, मगच वर्गात बस." तिसऱ्या तासाला दुसऱ्या विषयाचं तेच. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणिताच्या दोन, विज्ञान, प्रयोगवही, इतिहास, भूगोल. तीन आठवड्यांचं लेखन, प्रत्येक विषयाचं. ते कुठून उतरवायचं? हुशार मित्र वही देत नाही, त्याला स्वतःला लागते. मग आईच्या फोनवर पानांचे फोटो मागवायचे आणि रात्री अकरापर्यंत ते बघून लिहीत बसायचं. मी अशा वह्या तपासल्या आहेत. अक्षर सुरेख, समासाच्या रेघा लाल, बहुपदीचा भागाकार पायरी न पायरी अचूक, आणि विचारलं तर एका पायरीचाही पत्ता नाही. मूल दोन दिवस हे करतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा पोट दुखतं. या खेपेला ते परत येत नाही.

वह्यांचा हट्ट का, ते मला माहीत आहे. तपासणीला अधिकारी आले की पहिलं बोट वहीवरच्या तारखेवर आणि सहीवर पडतं. पालकही वही बघूनच शिक्षकाची पारख करतात. मुख्याध्यापकांनाही वरून विचारणा होते. कुणी दुष्ट म्हणून हे करत नाही. पण परत आलेल्या मुलाला पुन्हा घरी पाठवायचा याहून खात्रीचा उपाय मला दुसरा माहीत नाही. त्याला खरं काय लागतं? बहुपदीसाठी सजातीय पदं ओळखणं आणि अवयव पाडणं, दोनच गोष्टी. त्याची आठ-दहा उदाहरणं, दोन मधल्या सुट्ट्या. वहीत आजची तारीख घालून एक आडवी रेघ मारायची आणि इथून पुढे लिहायला लागायचं. सुटलेली पानं सुटू द्यावीत. त्या रेघेवर वर्गशिक्षकाची सही असेल तर तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं ती मान्य करावी, असं एक परिपत्रक शिक्षणाधिकारी कार्यालयानं काढलं तर एका कागदात कितीतरी मुलं वर्गात टिकतील.

एका मुलीचं सांगते. घरी बसून महिना उलटून गेला होता. तिची आई मशीनवर कपडे शिवते, वडील एमआयडीसीत पाळीवर. आम्ही ठरवलं, पूर्ण दिवस नकोच. मधल्या सुट्टीनंतर यायचं, दोनच तासिका बसायचं : चित्रकला, कारण ती तिला आवडते, आणि गणित, कारण भीती त्याचीच होती. शेजारी कोण बसणार ते तिनं सांगायचं. फळ्यावर कुणी बोलावणार नाही, हे मी आधीच कबूल केलं. चुकांबद्दल वर्गात कुणी काही विचारणार नाही हे बाकीच्या शिक्षकांशी बोलून घेतलं. एकाला पटलं नाही, पण त्यांनी शब्द पाळला. अर्ध्या दिवसाची हजेरी मांडायला मुख्याध्यापक तयार झाले, हे फार मोठं काम झालं. हळूहळू तासिका वाढल्या. संक्रांतीच्या सुमारास पुन्हा आठवडाभर गायब. पुन्हा दोन तासिकांवरून सुरुवात. हे असंच वर-खाली होतं, सिनेमातल्यासारखं एका भाषणानं फिरत नाही. दहावीला तिला ५८ टक्के पडले. चौकात फ्लेक्स लागला नाही.

सगळ्यांचं असं होत नाही. एकानं दाखला नेला, गॅरेजला लागला, आता १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसायचं म्हणतोय. त्यात कमीपणा काही नाही. तो रस्ता आहे हे पालकांना वेळेवर सांगायला हवं. पण शाळेनं आपली जबाबदारी टाळण्यासाठी त्या रस्त्याला लावू नये.

७५ टक्के हजेरीच्या नियमाबद्दलही बोललं पाहिजे. मंडळाचा नियम आहे, तो असावाही. पण घाबरलेल्या मुलाला 'परीक्षेला बसू देणार नाही' म्हणून धमकावलं की त्याचे वडील डॉक्टरांकडून पोटाच्या आजाराचा दाखला आणतात, आणि खऱ्या दुखण्याचं नाव कागदावर कधीच येत नाही. दुसरीकडे अकरावी-बारावीत, नीट-जेईईच्या क्लासला दिवसभर बसणाऱ्या आणि कॉलेजचं तोंडही न पाहणाऱ्या मुलांच्या हजेऱ्या कशा भरतात, ते आपल्या वाचकांना मी सांगायला नको. तिथं नियम वाकतो. पाय लटपटत असताना अर्धा दिवस येऊन बसणाऱ्या मुलीसाठी वाकवायचा म्हटलं तर फाईल लागते.

सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करून घ्यायची आहे. गुणांवरून चारचौघांत पाणउतारा करू नये, हेही त्यात सांगितलं आहे, विशेषतः कोचिंग क्लासना उद्देशून. आमच्यासारख्या शाळेचा पट शंभरच्या कितीतरी वर आहे. शिक्षकांच्याच जागा रिकाम्या असताना समुपदेशकाचं पद कधी मंजूर होणार, हे मी विचारत नाही. उत्तर ठाऊक आहे. तोवर तालुक्याला एक तरी माणूस द्या, जो आठवड्यातून ठरल्या दिवशी येईल आणि ज्याच्याकडे मूल पाठवताना 'वेड्याच्या डॉक्टरकडे नेताय का' असं पालक म्हणणार नाहीत. दरम्यान ज्या घरात हे आत्ता चालू आहे त्यांनी १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मूल जगण्याबद्दलच निराश बोलत असेल तर शाळेची वाट पाहत बसू नये, लगेच डॉक्टरांना गाठावं.

आणखी एक. जपानमध्ये आजारपण किंवा गरिबीखेरीज इतर कारणांनी वर्षात तीस किंवा अधिक दिवस शाळेत न गेलेल्या प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक मुलांची सरकार दरवर्षी मोजणी करतं. २०२३-२४ च्या शैक्षणिक वर्षात ती ३,४६,४८२ भरली. त्यांच्याकडे हा प्रश्न जास्त आहे की आपल्याकडे, हे सांगणार कसं? आपण मोजतच नाही. आपण शाळाबाह्य मुलं शोधतो, गळती मोजतो, म्हणजे मूल पूर्ण सुटल्यानंतर. सुटायच्या बेतात असलेलं मूल आपल्या कुठल्याच तक्त्यात येत नाही. माझी मागणी जपानसारखं काही उभारण्याची नाही. हजेरीपटात, सलग तिसऱ्या गैरहजेरीपुढे, कारणाचा एक छोटा रकाना असावा आणि तो लिपिकानं नव्हे, वर्गशिक्षकानं पालकांशी बोलून भरावा, एवढीच आहे. आणि त्या फोनवर पहिला प्रश्न 'कधी येणार?' असा नसावा, 'शाळेतलं काय जड जातंय?' असा असावा.

यासाठी वेळ लागतो, आणि तो आमच्याकडे नाही, हे मला कबूल आहे. वर्गात साठ मुलं, ऑनलाइन भरायच्या माहित्या, निवडणूक याद्यांचं काम, आणि वर शंभर टक्के निकालाचा आग्रह. म्हणून नववीच्या वर्गशिक्षकाला वेळापत्रकात आठवड्याला एक तासिका या कामासाठी मोकळी ठेवा. अतिरिक्त अनुदान लागणार नाही. पहिल्या वर्षी जो काही फुटकळ खर्च येईल, फोनचा, घरी जाण्यायेण्याचा, तो डिसेंबरातल्या वक्त्यांच्या मानधनातून भागेल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वर्गशिक्षिका
जि. सातारा
(मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून माझे नाव व शाळेचे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)